जावळाचा कुंचला

चीनमधल्या सुचौ शहराचा चित्रकार थाओ याने तरुणपणी महिन्याची लेक परक्यांना देऊन टाकली. रिवाजाप्रमाणे उतरवलेल्या तिच्या जावळाचा कुंचला मात्र करून घेतला. पोरीची पुन्हा कधी खबर आली नाही.

आज ऑर्किडची पाती रंगवायला म्हाताऱ्याने दगडावर शाईची कांडी उगाळली आणि कुंचला उचलला. कुंचल्याचे गेल्याच वर्षी छाटलेले केस पुन्हा बोटभर वाढले होते. त्यात आता पांढरेही दिसत होते.

"पोर नको झाली, केस तेवढे हवेत!" दारातून बायको रुइफन म्हणाली.

"तोंड आवर. कात्री आण."

तिने कात्री आणली, पण त्याच्या हातात देताना सोडली नाही.

"हळू कापा," ती म्हणाली. "मागच्या वेळी ती किंचाळली होती. तुम्हाला ऐकूच आलं नाही."