वाकडा फटका

"साहेब, काल शाळा सुटलीच नाही!" शेजारच्या शाळेचा शिपाई गोल्फ क्लबच्या कुंपणावरून ओरडला.

गेली सहा वर्षं निवृत्त अभियंते दाभाडकरांचा पहिला फटका रोज पाचला वाकडा जाऊन शाळेच्या पत्र्यावर आदळायचा. घंटा फुटल्यापासून त्याच आवाजावर शाळा सुटायची. पण महिनाभर शिकवणी लावून त्यांनी फटका सरळ करून घेतला होता.

"मोठ्या बाई नियमाच्या पक्क्या. आवाज झाल्याशिवाय सोडत नाहीत. पोरं कालपासून वर्गातच आहेत. एकदाच वाकडा मारा, पाया पडतो!"

दाभाडकरांनी आयुष्यात पहिल्यांदाच पत्र्यावर नेम धरला. चेंडू सरळ उडाला आणि थेट झेंड्याखालच्या भोकात पडला. सगळ्या क्लबने टाळ्या वाजवल्या.

कुंपणापलीकडे पोरांनी दमल्या आवाजात पाढा पुन्हा पहिल्यापासून धरला, "सतरा एके सतरा..."