दोघांचा माग

आडवा धागा घेऊन धोटा मागाच्या पलीकडच्या टोकाला गेला आणि खाली पडला. तो पडणारच होता. ती बाकावरून सरकत सरकत त्या टोकाला गेली, कमरेवर हात ठेवून वाकली, धोटा उचलला, पायाखालची दुसरी पावडी दाबली आणि तो परत फेकला. आता तो या टोकाला पडला. दोन आडव्या धाग्यांसाठी एवढी यातायात! अशाने हातभर कापड विणायलाच वर्ष सरलं असतं, आणि वर्ष तर आजच सुरू झालं होतं.

माग तिच्या नवऱ्याने स्वतः केलेला. ते कारखान्यात लेथवर होते. तिथे केसाएवढा फरक खपवून घेत नसत, पण घरी हौसेने माग करायला बसले आणि माप चुकवून बसले. माग इतका रुंद झाला की एका माणसाचे हात दोन्ही टोकांना पोहोचेनात. “माग केलात की पलंग?” तिने तेव्हा विचारलं होतं. मग दोघं शेजारी शेजारी बसून विणू लागली. डावी पावडी तिच्या पायाखाली, उजवी त्यांच्या. ती फेकायची, ते झेलायचे, ते फेकायचे, ती झेलायची. पडदे विणले, चादरी विणल्या, शेजारी नको नको म्हणेपर्यंत त्यांना पायपुसणी वाटली.

पुढे मुलाचं लग्न, तिचे गुडघे, टीव्ही, एक ना दोन. माग मागेच पडला. दर नव्या वर्षी दोघं ठरवायची, यंदा बसायचंच, आणि आठवडाभरात त्यावर पुन्हा ओले टॉवेल वाळत पडायचे. मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग घराचा रस्ता, मग ती.

गेल्या महिन्यात आंघोळ घालताना त्यांनी तिला ढकललं. परक्या बाईने अंगाला हात लावला म्हणून ते घाबरले होते. तिची कंबर तेव्हापासून धरलेली. मुलाने अशा माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत त्यांच्यासाठी जागा मिळवली. मुलगा वाईट नव्हता. तो तिकडे आपल्या घरी काळजीने रात्र रात्र जागा असायचा, हे तिला ठाऊक होतं.

आज सकाळी त्याचा फोन आला. स्पीकर लावून ती त्यांच्यासमोरच बोलली. त्यांना काय कळणार होतं?

“आई, उद्या गाडी घेऊन येतो. आता हट्ट नको करूस.”

“आजचा दिवस दे. मागावर बसवते त्यांना. एकदा जरी मला ओळखलं, तरी ते कुठेही जाणार नाहीत.”

“आणि नाही ओळखलं तर?”

“तर मी माझ्या हाताने बॅग भरीन.”

म्हणून ती सकाळपासून मागाशी झुंजत होती. ते खिडकीपाशी खुर्चीत बसून मांडीवरच्या शालीचे गोंडे मोजत होते. तिने दहादा हाक मारली. अहो, या ना. तुमची बाजू रिकामी आहे. प्रत्येक वेळी ते सभ्यपणे मान हलवत. “नको बाई. तुमचं चालू द्या.”

दुपार कलली. धोटा पुन्हा पलीकडे पडला आणि या वेळी तिला वाकताच येईना. कमरेतून अशी कळ गेली की ती होती तिथेच बसली. संपलं, तिला वाटलं. तिने मागाच्या फणीवर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखी हुंदके देऊन रडली. त्यांच्यासमोर रडायची आता लाज तरी कसली?

बाक हलला. उजवीकडे कोणीतरी बसलं होतं.

तिने डोकं वर केलं. त्यांनी धोटा उचलला, त्यावरचा धागा बोटाने ताणून पाहिला, उजवी पावडी दाबली आणि धोटा फेकला. तो थेट तिच्या हातात आला.

तिने डावी पावडी दाबून तो परत पाठवला. त्यांनी झेलला. पुन्हा आला, पुन्हा गेला. एकदाही पडला नाही. कुठे एक चूक नाही. कापड बोट बोट वाढत गेलं आणि तिच्या जिवात जीव आला. नाही भरायची बॅग. संध्याकाळी मुलाला सांगायचं, येऊ नकोस. कंबर काय, शेकली की बरी होईल.

तिला राहवेना. तिने त्यांचा हात धरला.

“ओळखलंत ना मला?”

त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग ओशाळं हसले.

“नाही हो. माफ करा. पण हात चांगला आहे तुमचा.”

तिने त्यांचा हात सोडला. आता रडूही आलं नाही. आतून सगळं रितं झालं होतं. उठावं आणि कपाटावरची बॅग काढावी, एवढंच उरलं होतं.

ती उठू लागली, तसं त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“बाई, जरा थांबा. तुम्हाला म्हणून सांगतो. उद्या मला कुठेतरी नेणार आहेत. मुलगा फोनवर बोलत होता. मी काही बोललो नाही, त्याला आधीच खूप व्याप आहेत. माझं काय, मी जाईन. पण आमची बायको इथे एकटी पडेल. स्वभावाने तिखट आहे, कोणाला म्हणून काही मागायची नाही. तुम्ही अधूनमधून येऊन तिच्याशेजारी बसाल का?”