पुढच्या चाकाची ओढ

मोटरसायकलच्या हँडलचं बेअरिंग तपासायला दोन माणसं लागतात. पुढचं चाक अधांतरी ठेवून एकाने चाक धरणारा फोर्क खालून धरून मागेपुढे ओढायचा आणि दुसऱ्याने हँडलखालच्या सांध्यावर बोट ठेवायचं. बोटाला टक् असं जाणवलं, तर नट सैल आहे.

ओढायचं काम दादाचं, बोट माझं. दोनदा ओढून तो थांबायचा आणि मी बेसावध झाले की तिसऱ्यांदा हिसका द्यायचा. "जाग्या आहात ना, शास्त्रज्ञबाई?"

दादा जाऊन वर्ष होत आलं. त्याची डर्ट बाइक उद्या मामेभाऊ नेणार होता, म्हणून मी नवीन बेअरिंग घातलं, ग्रीस भरलं आणि नट बेताने आवळला. अधांतरी चाकासकट हँडल दोन्हीकडे अलगद पडायला लागलं. मग वहिनीला हाक मारली.

"मला काय डोंबल कळतंय त्यातलं?" असं म्हणत तिने सांध्यावर बोट ठेवलं.

माझे हात ग्रीसने माखले होते. मी पाठमोरी होऊन फडकं शोधायला लागले.

"लागतंय की गं," ती म्हणाली. "टक्, टक्." मग दचकून हसली. "हिसका कशाला देतेस? अगदी त्याच्यासारखी खोडी!"

मी वळले. आमच्यामध्ये अख्खी शेड होती. वहिनीने माझ्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं, मग चाकाकडे. बोट मात्र काढलं नाही.

"आणखी आवळला तर थांबेल," मी कसंबसं म्हणाले.

"नको," ती हळूच म्हणाली. "थोडा सैल कर."