बरे झालेले उंदीर

"उंदरांच्या गाठी लहान झाल्या, बाबा. निम्म्याहून लहान."

पलंगावर उशीला टेकून बसलेल्या बाबांनी अळंब्यांच्या सुपाची वाटी खाली ठेवली. वाटी तशी भरलेलीच होती. आतड्याच्या कॅन्सरने त्यांची भूक केव्हाच पळवली होती आणि 'आवडेल ते द्या' म्हणून डॉक्टरांनीही हात टेकले होते. लेक प्रयोगशाळेत अळंब्यांतल्या एका द्रव्यावर काम करत होती. आतड्यात गाठी असलेल्या उंदरांना ते पाजून पाहायचं, एवढंच. माणसाची पाळी यायला अजून कितीतरी वर्षं होती, आणि येईलच असंही नव्हतं. हे तिने घरात शंभरदा सांगितलं होतं. ऐकतंय कोण! लेकीचं काम कळलं त्या दिवसापासून आईने अळंब्यांशिवाय दुसरं काही शिजवलं नव्हतं.

"मोजल्या कशा?" बाबांनी विचारलं. जन्मभर गणित शिकवलेला माणूस. नुसत्या उत्तराला त्यांच्याकडे कधी मार्क नसत. "उत्तर नको. रीत सांग."

रीत साधी होती. आतड्यातली गाठ नीट मोजायची तर आतडं उघडावं लागतं. आज सकाळी तिने सगळे उंदीर मारले. औषध न दिलेले मारले आणि बरे होऊन पिंजऱ्यात हुंदडणारेही मारले. त्यातला एक तर उचलला तेव्हा खात बसला होता.

"यंत्र असतं त्याचं," ती म्हणाली. तिने त्यांच्या पाठीमागची उशी सारखी केली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. रीत न दाखवलेलं उत्तर त्यांनी उभ्या जन्मात पहिल्यांदाच बरोबर धरलं.

"खातात का आता नीट?"

"सकाळी खात होते."

"बघा!" आई दारातूनच म्हणाली. "एवढेसे उंदीर खातात, आणि तुम्हाला चमचाभर जड होतं!"

बाबा हसले. दोन्ही हातांनी वाटी उचलून त्यांनी एक घोट कसाबसा खाली उतरवला. तोंड वाकडं झालं, तरी वाटी सोडली नाही.

"एक काम कर," ते लेकीला म्हणाले. "त्यातला एखादा घरी घेऊन ये. त्याला विचारीन म्हणतो, पहिला घास कधी गोड लागला ते."