नमुन्याचा तुकडा

गिऱ्हाईक आलं की गादीवाले आजोबा खिशातून लायटर काढायचे आणि फोमच्या नमुन्याला ज्योत लावायचे. तुकडा जरासा काळवंडायचा, पण पेट घेईल तर शपथ! "डोळे झाकून न्या," आजोबा म्हणायचे. तो महागडा फोम दुकानात तेवढाच होता. विकायच्या गाद्यांत, अगदी घरच्या गादीतही, ठिणगीसरशी भडकणारा स्वस्त फोम होता, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

आज शाळेला सुट्टी म्हणून नात दिवसभर दुकानात बसून हे टक लावून बघत होती. संध्याकाळी घरी शर्ट काढताना आजोबांना खिशात लायटर सापडेना.

इतक्यात आतल्या खोलीतून नातीचा आवाज आला, "आजी, तू उठू नकोस गं, आपली गादी पेटतच नाही. थांब, दाखवते!"