तळघरातली खोली

त्या काळी मनाच्या आजारांचा डॉक्टर इस्पितळाच्या तळघरात, धोबीखान्यामागे, फक्त मंगळवारी बसायचा. तिथल्याच एका निवृत्त नर्सबाईंची धाकटी बहीण खोली न सापडल्याने दोनदा रडत परत आली, तेव्हा बाईंनी मोर्चा काढला. “खोली आहे की, बाई! शोधली की सापडते,” इस्पितळाचे अध्यक्ष हसले. “मग शोधून दाखवा. आम्ही थांबतो,” बाई म्हणाल्या. अध्यक्ष ऐटीत जिना उतरले आणि बऱ्याच वेळाने घामाघूम, खांद्यावर ओली चादर घेऊन वर आले. मोर्चा खदखदून हसला. एवढ्यात महिनोन्महिने चारचौघांत न बोललेली धाकटी पुढे झाली. “लाजू नका, साहेब. मलाही सापडली नव्हती.” अध्यक्षांचा चेहरा उतरला. मग तेही हसले. “डॉक्टरांसाठी माझी दाराजवळची खोली घ्या. मी तळघरात बसतो, म्हणजे तक्रारवाले तरी पोचणार नाहीत!” “आम्ही पोचू,” धाकटी म्हणाली. “डॉक्टर रोज यायला लागेपर्यंत रोज पोचू.”