बद्द आवाज

जुन्या रेल्वे-शेडचे फ्लॅट झाले आणि त्यातला एक धाकट्या जावेला मिळाला. तिच्याकडे चहा पिताना थोरलीच्या पोटात दुखत होतं. मेलीचं नशीबच मोठं!

तेवढ्यात फरशीखाली वाजलं, ठण्ण.

"रोजचंच आहे," धाकटी हसली. "मामंजी होते तेव्हा इथेच हातोडीने गाड्यांची चाकं ठोकून बघायचे ना, अगदी तस्संच."

थोरलीला त्या आवाजाचाही हेवा वाटला. धड चाक खणखणीत वाजायचं. बद्द वाजलं, की मामंजी खडूने फुली मारत आणि तो डबा गाडीतून काढला जाई.

धाकटीच्या खुर्चीखाली ठण्ण वाजलं.

थोरलीच्या खुर्चीखाली बद्द.

मग खात्री करून घेतल्यासारखं पुन्हा, हलकेच, बद्द.

"जाऊबाई, काय झालं?"

 थोरलीच्या पाठीवर कुणीतरी सावकाश खडू ओढत होतं.